आवरलेलं गॅरेज पुन्हा पुन्हा का भरतं?

दिवाळीच्या आधी दोन दिवस घाम गाळून गॅरेज आवरायचं, झाडून-पुसून लख्ख करायचं, आणि होळी येईपर्यंत गाडी पुन्हा रस्त्यावर. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगर, औंध, जिथे जिथे जुने बंगले अजून उभे आहेत तिथे हीच तक्रार ऐकू येते. शटर वर केलं की पहिली दिसते ती खोक्यांची भिंत. तिच्यामागे कुणाचा तरी लोखंडी कॉट, कॉटवर गाद्या, गाद्यांवर गणपतीचं मखर. लाखो रुपयांची गाडी उन्हापावसात बाहेर, आणि तिच्या जागेवर भंगारवाला पाचशे रुपयेसुद्धा देणार नाही असं सामान.

आमच्या घरचं आणि नात्यागोत्यातलीही बरीच गॅरेजं आवरायला मी हात लावला आहे. माझं ठाम मत असं झालंय की जागा कमी पडते म्हणून गॅरेज भरतं, असं फार क्वचित असतं. घरातल्या बाकीच्या खोल्यांत येणाऱ्या वस्तूबद्दल कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. कपाटातला कोणता खण कुणाचा, हे लहान पोरालाही माहीत असतं. गॅरेजमध्ये मात्र ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही तेच जाऊन पडतं. "राहू दे तिकडे, बघू नंतर" म्हणून ठेवलेल्या वस्तूला पुढे ना मालक उरतो ना मुदत. दिवाळीत ती पुसली जाते, या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकते आणि तिथेच राहते. तेव्हा मूळ उपाय एकच: आत राहणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कुणाचं तरी नाव आणि एक तारीख. बाकी सगळं त्याच्यानंतर.

रॅक आणले, तरी पसारा तेवढाच

हे आधी सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. आवरायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा रॅक आणि प्लास्टिकचे मोठे डबे घेऊन येतो. काय ठेवायचं आणि काय नाही हे ठरलेलंच नसतं, त्यामुळे जमिनीवरचा पसारा तसाच्या तसा रॅकवर चढतो. जमीन मोकळी दिसते, आणि महिन्याभरात त्या मोकळ्या जमिनीवर नवं काहीतरी येऊन बसतं. रॅकची खोली, उंची, दोन फळ्यांमधलं अंतर, हे सगळं उरलेल्या सामानावरून आणि गाडीवरून ठरतं. रॅक घ्यायला रविवार पेठेत बोहरी आळीला जायचं ते सगळ्यात शेवटी.

गाडी आत जाते, पण दार उघडत नाही

जुन्या बंगल्यांची गॅरेजं फियाट डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असायची. त्या फियाटची, म्हणजे प्रीमियर पद्मिनीची, रुंदी दीड मीटरच्याही आत होती. आजची स्विफ्ट १७३५ मिलिमीटर रुंद आहे, क्रेटा १७९० मिलिमीटर, आणि हे दोन्ही बाजूंचे आरसे सोडून. भिंती जागच्या जागी राहिल्या आणि गाडी मात्र जवळजवळ फूटभर रुंद झाली. वडिलांच्या काळात भिंतीला टेकून निवांत राहिलेलं टेबल आज गाडीचं दार अडवतं, ते यामुळे.

टेप घेऊन नीट हिशेब करा. समजा गॅरेज आतून दहा फूट रुंद, म्हणजे ३०४८ मिलिमीटर आहे. स्विफ्ट वजा केली की १३१३ मिलिमीटर उरतात, सव्वाचार फुटांच्या आसपास. चालवणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, दार उघडून उतरायला किमान अडीच फूट हवेत. राहिले पावणेदोन फूट. त्यातले नऊ इंच डावा आरसा आणि गाडी घालताना होणारी थोडी इकडची-तिकडची यासाठी सोडा. डाव्या भिंतीला बारा इंच खोलीचं फळीकाम बसतं, त्याहून जास्त नाही. बाजारातले दीड फूट खोलीचे तयार रॅक इथेच नडतात. शिवाय डावीकडे बसलेल्यांनी गाडी आत घालण्याआधीच उतरायचं, ही सवय सगळ्या घराला लावावी लागते.

लांबीचंही तसंच आहे. सोळा फुटी गॅरेजमध्ये ३८६० मिलिमीटरची स्विफ्ट उभी केली की सव्वातीन फूट उरतात, ४३३० मिलिमीटरची क्रेटा उभी केली की जेमतेम पावणेदोन फूट. मोठी गाडी घेणाऱ्यांनी आधी हे मोजावं. मागे कपाट ठेवायचं की नाही याचा निकाल या आकड्यातच आहे.

मोजून झालं की गाडी आत घ्या, चारही दारं जेवढी लागतात तेवढी उघडा, डिकी पूर्ण वर करा आणि फरशीवर खडूनं चौकट आखा. दुसऱ्या दिवशी त्याच रेषेवर पिवळ्या ऑइल पेंटचा दोन इंची पट्टा मारा. पुढच्या चाकासमोर लाकडी ओंडका पक्का बसवा, म्हणजे गाडी रोज त्याच जागी थांबते. पट्ट्याच्या आत काहीही ठेवायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. घरातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, पट्टा दिसतो. या एका कामानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच रॅकनं पडत नाही.

आवरायला काढलं की घरात वाद होतात

कारण आपण वस्तू हातात घेऊन "हे लागणार आहे का?" असं विचारतो. या प्रश्नाला मराठी घरात एकच उत्तर आहे: लागेल कधीतरी. त्याऐवजी "हे कुणाचं?" असं विचारा. वस्तूंचे ढीग करू नका, माणसांचे ढीग करा. आईंचं एक, मुलाचं एक, अमेरिकेला गेलेल्या पुतण्याचं एक, आणि कुणीच नाव न सांगितलेलं एक. हा शेवटचा ढीग सगळ्यात मोठा निघतो, आणि त्याबद्दल वाद घालायला कुणीच पुढे येत नाही.

परगावी किंवा परदेशी गेलेल्या नातेवाइकांचं सामान हा पुण्यातल्या गॅरेजचा खास आजार आहे. सहा महिन्यांसाठी ठेवलेली खोकी सहा वर्षं राहतात, आणि नातं टिकावं म्हणून कुणी बोलत नाही. यावर भांडायची काहीच गरज नाही. खोकं उघडा, आतल्या सामानाचा फोटो पाठवा आणि फोन करा. संवाद साधारण असा होतो:

"काकू, असू दे ना. पुढच्या खेपेला आलो की बघतो."

"अरे ठेवते की मी, अडचण नाही. फक्त कोणत्या महिन्यात येतोयस तेवढं सांग, खोक्यावर लिहून ठेवते."

महिना विचारला की माणूस खरा विचार करतो. दहातले आठ जण थोडं थांबून म्हणतात, "काकू, तुम्हीच कुणाला तरी देऊन टाका." उरलेले दोघं तारीख सांगतात, आणि ती जाड मार्करनं खोक्याच्या पुढच्या बाजूला लिहायची: नाव, महिना, वर्ष. तारीख उलटली की पुन्हा एक फोन. त्यात संकोच वाटायचं कारण नाही, कारण मुदत त्यांनीच दिलेली असते.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं वेगळं असतं. आमच्याकडे तांब्याचा बंब होता, धुरानं काळा पडलेला, वर्षानुवर्षं गाद्यांखाली. तो बाहेर काढल्यावर सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "तुझे आजेसासरे यात पाणी तापवायचे. मोडीत नाही हं घालायचा," एवढंच म्हणाल्या. मग तो कसबा पेठेत तांबट आळीला नेला, डाग काढून, घासून, पॉलिश करून आणला, आणि आता तो पडवीत उभा आहे. त्यानंतर मी एक नियम धरला आहे आणि सगळ्यांना तोच सांगते: ज्याच्यात जीव अडकलाय ते गॅरेजमध्ये ठेवायचं नाही. जपायचं असेल तर घरात आणा. घरात आणण्याइतकं महत्त्वाचं नसेल, तर त्याच्याबद्दल निर्णय घेणं सोपं होतं.

कागदपत्रांनाही हेच लागू. गॅरेजमधल्या पत्र्याच्या ट्रंकेत जुनी खरेदीखतं, इंडेक्स टूच्या (खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याच्या) प्रती, वडिलांच्या पेन्शनची कागदं हमखास सापडतात. ती त्याच दिवशी वर घरात न्या. ट्रंक बाहेरून धड दिसते, पण तळाला गंज लागलेला असतो.

बाजूला काढलं, पण महिनाभर शटरपाशीच पडून आहे

अर्ध्यावर सुटणारी बहुतेक आवराआवर इथे सुटते. काय टाकायचं ते ठरलं, पण ते घराबाहेर कसं जाणार हे ठरलं नाही. आवरायला घेण्याच्या आधीच कुणाला बोलवायचं हे पक्कं करा, आणि त्याच दिवशी दुपारी बोलवा.

पुण्यात त्याची सोय इतर शहरांपेक्षा बरी आहे. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. दारोदार कचरा घ्यायला येणाऱ्या ताई बऱ्याच भागांत याच संस्थेच्या आहेत. जुने कपडे, चपला, बॅगा, भांडी, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांसाठी त्यांचं वेगळं संकलन चालतं. आपल्या गल्लीतल्या ताईंनाच आधी विचारा, पुढचा रस्ता त्याच सांगतात. सामान देताना ते ओलं, मातीनं भरलेलं, फुटक्या काचांत मिसळलेलं देऊ नका. त्या हातांनी वेगळं करणाऱ्या बायका आहेत.

लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ वेगवेगळं करून ठेवलं तर भंगारवाल्याकडे भाव नीट मिळतो, एकत्र दिलं तर सगळं लोखंडाच्या भावात जातं. शाळा-कॉलेजची पुस्तकं रद्दीत घालण्याआधी अप्पा बळवंत चौकात दाखवा. अभ्यासक्रम बदललेला नसेल तर तिथे जुनी पुस्तकं घेतात. हत्यारं, जुने पंखे, दिवे, कुलपं यांना बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गिऱ्हाईक असतं. तिथे विकायला स्वतः जायचं की एखाद्या ओळखीच्या विक्रेत्याला गठ्ठा द्यायचा, ते आपापल्या वेळेवर. मला विचाराल तर गठ्ठा द्या. शंभर रुपये जास्त मिळवायच्या नादात सामान पुन्हा गॅरेजमध्ये मुक्कामाला राहतं.

इन्व्हर्टरची किंवा गाडीची मेलेली बॅटरी कधीच कचऱ्यात जाऊ द्यायची नाही. आत शिसं आणि आम्ल असतं. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि तिची किंमत बिलातून वजा करतो. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे यांत पारा असतो, ते न फोडता वेगळे गुंडाळून द्यावेत. सनमायका लावलेलं प्लायवूड आणि रंगवलेली दारं होळीत टाकायची पद्धत काही सोसायट्यांत आहे. तो धूर विषारी असतो, कृपा करून ते करू नका. थर्माकोलची जुनी मखरं तर आता उपयोगाचीही नाहीत, कारण राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे.

सिमेंटची अर्धी गोणी जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये असते. तीन महिन्यांपेक्षा जुन्या सिमेंटची ताकद बरीच उतरलेली असते, आणि पावसाळा पाहिलेली गोणी तर दगड झालेली असते. तिच्यावर कुणाचं नाव टाकायच्या भानगडीत पडू नका, काढून टाका.

खालचं सामान दर पावसाळ्यात खराब होतं

आधी ओल कुठून येते ते शोधा. फरशीवर दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक ठेवा, चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला दव धरलं तर ओल जमिनीतून वर येते आहे. वरच्या बाजूला धरलं तर ती हवेतली आहे. हवेतली असेल तर शटरच्या वर आणि समोरच्या भिंतीत जाळीची झरोकेवजा भोकं असली की बरंच भागतं, कारण दोन्हीकडून वारा खेळतो. जमिनीतली असेल तर बाहेरचं अंगण गॅरेजच्या फरशीपेक्षा उंच झालंय का ते पाहा. फरसबंदीवर फरसबंदी होत गेली की बहुतेक जुन्या बंगल्यांत हेच झालेलं असतं.

भिंत ओली असेल तर पावसाचा मारा कुठल्या बाजूनं येतो ते बघा. पुण्यात तो बहुधा पश्चिमेकडून असतो. चिरा बाहेरच्या बाजूनं, मे महिन्यात, भिंत कोरडी असताना भरायच्या. आतून वॉटरप्रूफ रंग मारून काही होत नाही. पाणी बाहेरून येतच राहतं आणि रंगाला फोड येतात.

ओढ्याकाठच्या किंवा नदीकाठच्या घरांना तर जमिनीवर काहीही ठेवणं परवडणारं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी सहकारनगर, अरण्येश्वर भागात घराघरांत शिरलं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत तीच गत झाली. अशा ठिकाणी सगळ्यात खालची फळी कमरेच्या उंचीवर घ्या आणि तिच्याखाली फक्त धुऊन काढता येईल असंच ठेवा.

ओलीपाठोपाठ वाळवी येते. वाळवी लागलेलं पुस्तकांचं खोकं बाहेरून अगदी धड दिसतं. दोन्ही हातांनी उचलायला जावं तर बाजू आणि झाकण हातात येतात, तळ फरशीलाच चिकटून राहतो. आत वरच्या दोन पुस्तकांची मुखपृष्ठं जशीच्या तशी, आणि त्यांच्याखाली ओलसर मातीचे पापुद्रे. भिंतीच्या कोपऱ्यातून वर चढलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या की ही वेळ फार लांब नसते. नळीचा इंचभर तुकडा काढा आणि आठवड्यानं पाहा. नळी पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. तेव्हा नुसतं रॉकेल ओतून किंवा नळ्या झाडून भागत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत फूटभर अंतरावर भोकं पाडून औषध सोडून घ्यावं लागतं. नळी नसली तर त्या भागात वाळवी नाही असं समजू नका, खोक्यांचे तळही पाहा.

पुठ्ठ्याची खोकी गॅरेजमधून कायमची बाद करा. पुठ्ठा हे वाळवीचं खाणं, त्याचा डिंक झुरळांचं आणि कसरीचं खाणं, आणि उंदरांना घरटं करायला तोच लागतो. झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, पारदर्शक घ्या, आणि सगळे एकाच मापाचे घ्या म्हणजे एकावर एक नीट बसतात.

उंदरांसाठी शटरच्या खालची फट बघा. पेन्सिल आत सरकत असेल तर लहान उंदीर येऊ शकतो. शटरच्या खालच्या पट्टीला रबर बसवून मिळतं. कुत्र्याचं खाणं, पक्ष्यांसाठीचे दाणे, उरलेलं धान्य गॅरेजमध्ये ठेवू नका; बंद गॅरेजमध्ये गाडीच्या वायरी कुरतडल्या जातात त्याचं सुरुवातीचं कारण पुष्कळदा असं एखादं पोतं असतं. विषाच्या वड्या मी सुचवणार नाही. उंदीर खोक्यांमागे जाऊन मरतो, आणि तो खाणाऱ्या मांजराला आणि घुबडालाही ते विष भोवतं. साधा चापाचा पिंजरा भिंतीला लावून ठेवला की पुरे.

उरलेलं कुठे आणि कसं

आता रॅक. लोखंडी अँगलचे, नटबोल्टनं जोडायचे, फळी हवी तिथे वरखाली करता येणारे घ्या. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवा म्हणजे फरशी धुतली तरी पायांना गंज चढत नाही. भिंतीपासून तीन बोटं अंतर सोडा. मागची भिंत दिसली पाहिजे, नाहीतर वाळवीची नळी कुणाला दिसणार? सगळ्यात वरच्या दोन भोकांतून रॅक भिंतीला बोल्टनं आवळून टाका. बारा इंची रॅक उंच असला तर पुढे कलंडायला वेळ लागत नाही.

गाडीच्या बॉनेटच्या वरची हवा बहुतेक गॅरेजमध्ये फुकट जाते. समोरच्या भिंतीला तेवढ्या उंचीवर कडाप्प्याचा किंवा लोखंडी चौकटीचा माळा केला तर वर्षातून एकदा लागणारं सगळं तिथे जातं: मखर, आकाशकंदील, दिव्यांच्या माळा, किल्ल्यावरची मातीची चित्रं. चित्रांसाठी अंड्यांचे ट्रे वापरा, एकही मावळा फुटत नाही. माळ्यावर जड काही चढवायचं नाही.

हत्यारांना प्लायवूडचा एक फळा. पाने, पक्कड, हातोडी, कानस, करवत खिळ्यांवर टांगा आणि प्रत्येकाभोवती मार्करनं त्याची आकृती काढा. कुणी नेलं आणि परत आणलं नाही, तर फळ्यावरची मोकळी आकृती बोलते.

काही गोष्टी गॅरेजमध्ये नकोतच. पेट्रोलचा कॅन, थिनरचे उघडे डबे, जास्तीचा गॅस सिलिंडर. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी दोन्ही हवेपेक्षा जड, त्यामुळे ती बंद खोलीत जमिनीलगत साचतात, आणि गॅरेजमध्ये जमिनीलगतच इन्व्हर्टर, चार्जर, प्लग असतात. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती झरोक्याजवळ ठेवायची आणि तिच्यावर कागद, कपडे काही रचायचं नाही.

आवरलं, पण दोन महिन्यांत परत तेच

इथे पाहा की सामान नेमकं कधी आत येतं. गणपती उठले की मखर. दिवाळीच्या ऑनलाइन सेलनंतर टीव्ही, मिक्सर, ओव्हनची खोकी. एप्रिल-मेमध्ये मुलांची संपलेल्या वर्षाची दप्तरं, वह्या. कुणी घर बदललं की त्यांचं जास्तीचं फर्निचर. हा ओघ ठरलेला आहे, त्यामुळे त्याला अडवायची जागाही ठरवता येते.

रिकाम्या खोक्यांचा नियम असा करा: वस्तू परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं ठेवायचं, मग चपटं करून त्याच आठवड्यात रद्दीला. वॉरंटीसाठी सहसा बिल लागतं, खोकं नाही. बिलाचा फोटो काढून ठेवा. मखर आणि कंदील माळ्यावर मावतील तेवढेच. नवं मखर आलं की जुनं कुणा मंडळाला किंवा शेजाऱ्यांना.

शटरच्या आत, हाताच्या उंचीवर, दोरीला बांधलेला मार्कर आणि चिकटपट्टी टांगून ठेवा. आत ठेवणाऱ्यानं तिथेच उभं राहून नाव आणि तारीख लिहायची. ज्याला लिहावंसं वाटत नाही त्याला ती वस्तू ठेवायचीही फारशी इच्छा नसते, आणि मग ती परस्पर भंगारात जाते. महिन्यातून एका रविवारी गाडी धुवायला बाहेर काढली की तारखा बघून घ्या. वीस मिनिटांचं काम आहे.

आणि मोठी आवराआवर दिवाळीत करू नका. तेव्हा घरात फराळाची गडबड असते, पावसानं सगळं ओलसर असतं, भंगारवाल्याला वेळ नसतो, आणि सामान नुसतं पुसून परत आत जातं. मे महिन्याचा पहिला पंधरवडा धरा. कडकडीत उन्हात अंगणात टाकलेलं सगळं वाळतं, चिरा आणि वाळवी स्पष्ट दिसतात, मुलांना सुट्टी असते, आणि वळवाचा पाऊस डोक्यावर असल्यामुळे बाहेर काढलेल्याचा निकाल त्याच दिवशी लावावा लागतो.

बंगला नाही, सोसायटीतलं पार्किंग आहे

मग प्रश्न वेगळा आहे. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात गॅरेजची व्याख्याच छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन उभं करायची जागा अशी आहे. इमारतीखालच्या खांबांमधली जागा त्यात बसत नाही. तिथे कपाटं, गाद्या, सायकलींचे सांगाडे साठवले तर आग लागल्यावर बाहेर पडायची वाट अडते, आणि सोसायटीनं नोटीस दिली तर तिचं बरोबर असतं. अशा घरांनी गाडीच्या डिकीतलं सामान आणि एक भिंतीवरचं कुलूपबंद छोटं कपाट, तेही सोसायटीची लेखी परवानगी घेऊन, एवढ्यावर भागवावं.

कोपऱ्यातली बंद स्कूटर

सगळं निघालं तरी ही राहते. पुण्यात ती बहुतेक वेळा चेतक असते. चालवायची असेल तर आधी कागद बघा: खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मेकॅनिकला एकदा दाखवून खर्चाचा आकडा घ्या आणि घरातला कोण ती चालवणार ते नावानिशी ठरवा. कुणाचंच नाव पुढे आलं नाही तर काढायची.

काढताना मात्र गल्लीतल्या भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नोंदणी रद्द होत नाही तोवर आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच, आणि तिच्या नंबरप्लेटचा किंवा चासीचा कुणी गैरवापर केला तर चौकशी तुमच्या दारी येते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ते वाहन जमा केल्याचं प्रमाणपत्र देतात. ते आणि मूळ आरसी घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करून घ्या. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसांची कागदपत्रं जुळवावी लागतात. त्याला वेळ जातो, म्हणून मे महिन्यात गॅरेज काढणार असाल तर हे काम फेब्रुवारीतच सुरू करा.